संलग्न कोन आणि पूरक कोन : एका शब्दाची दोन मापे

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतून सातवी उत्तीर्ण होऊन हिंदी माध्यमाच्या एका विद्यालयात दाखल झालेला विद्यार्थी गणिताची उत्तरपत्रिका हाती घेऊन एका सायंकाळी आमच्याकडे आला. प्रश्न सोपा होता: ३० अंशांच्या कोनाचा ‘पूरक कोण’ लिहा. मुलाने १५० अंश असे उत्तर लिहिले होते, आणि त्यावर तांबड्या शाईची फुली पडली होती. ‘‘सर, आपण तर असेच शिकवले होते,’’ एवढेच तो म्हणाला. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. खरोखरच आपण कोठे चुकलो, हे त्याला कळत नव्हते. नव्या शाळेत मात्र ‘मराठी शाळेतून आलेल्या मुलांस एवढेही येत नाही’ असा शेरा त्याच्या वाट्यास आला होता.

मूल चुकले नव्हते आणि परीक्षकही चुकला नव्हता. मराठी भूमितीत ज्या दोन कोनांच्या मापांची बेरीज १८० अंश होते ते परस्परांचे पूरक कोन, आणि ज्यांची बेरीज ९० अंश होते ते कोटिकोन. हिंदी पाठ्यपुस्तकांत ९० अंशांच्या जोडीस ‘पूरक’ म्हणतात आणि १८० अंशांच्या जोडीस ‘संपूरक’. शब्द एकच, लिपीही एकच, आणि अर्थात मात्र ९० अंशांचे अंतर! महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्या आम्हां मंडळींच्या वाटेवर असे खळगे पुष्कळ आहेत. परंतु हा विशेष फसवा, कारण तो दिसतच नाही. अनोळखी शब्दापाशी मूल थांबते आणि विचारते. ओळखीचा शब्द भेटला म्हणजे ते निःशंकपणे पुढे जाते.

त्या दिवसापासून आम्ही या प्रकरणाचा विचार करीत आलो आहोत. आमचे मत असे झाले आहे की, दोष केवळ परिभाषेचा नाही. शिकविण्याच्या रीतीचाही आहे. आम्ही त्या मुलास शब्द दिला होता, वस्तू दिली नव्हती. म्हणून या लेखात आधी वस्तूचा आणि मग शब्दांचा विचार करण्याचे योजिले आहे.

प्रारंभ रेषेपासूनच केला पाहिजे. मराठीत रेघ आणि रेषा असे दोन शब्द आहेत. वहीवर पट्टी ठेवून ओढतो ती रेघ: तिला आरंभ आहे, शेवट आहे, आणि पेन्सिलीच्या टोकाइतकी का होईना, जाडीही आहे. भूमितीतील रेषेस जाडी नाही आणि दोन्ही बाजूंस अंतही नाही. तिचा दोन बिंदूंनी मर्यादित केलेला तुकडा म्हणजे रेषाखंड. एका बिंदूपासून निघून एकाच दिशेने अमर्याद गेलेला भाग म्हणजे किरण. एकाच आरंभबिंदूपासून दोन किरण निघाले की कोन होतो. तो बिंदू कोनाचा शिरोबिंदू आणि ते किरण त्याच्या भुजा. भुजा किरण आहेत, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसविणे अवश्य आहे. कारण फळ्यावर भुजा लांब काढल्या म्हणजे कोन मोठा झाला, असे मानणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. कोनाचे माप भुजांच्या लांबीत नसून एका भुजेवरून दुसरीवर येण्यासाठी कराव्या लागणाऱ्या वळणात असते.

आता संलग्न कोन. व्याख्येत तीन अटी आहेत: शिरोबिंदू सामाईक असावा, एक भुजा सामाईक असावी आणि दोन्ही कोनांचे अंतर्भाग वेगळे असावेत. पाठ करण्यास ही व्याख्या सोपी आहे, आणि म्हणूनच ती पाठ होते व विसरली जाते. आमच्या अनुभवाने असे सुचते की, प्रत्येक अट का आहे हे ती अट काढून टाकून दाखवावे.

पहिली अट काढा. त्रिकोण अबक घ्या. त्यातील कोन अबक आणि कोन बकअ यांना बाजू बक सामाईक दिसते. मूल लगेच म्हणते, हे संलग्न. परंतु पहिल्या कोनाची भुजा ब पासून क कडे जाणारा किरण आहे आणि दुसऱ्याची क पासून ब कडे येणारा. रेषाखंड एक, किरण दोन, शिरोबिंदूही दोन. हे कोन एकाच घराचे दोन कोपरे आहेत, लागून असलेली दोन घरे नव्हेत. दुसरी अट काढा. दोन रेषा एकमेकींस ओ या बिंदूत छेदतात तेव्हा समोरासमोर पडणाऱ्या दोन कोनांचा शिरोबिंदू एकच असतो, पण भुजा एकही सामाईक नसते. ते विरुद्ध कोन होत, संलग्न नव्हेत. तिसरी अट काढा. ओ पासून ओअ, ओब, ओक असे तीन किरण काढा, आणि ओब हा किरण कोन अओक याच्या पोटात पडू द्या. कोन अओब आणि कोन अओक यांचा शिरोबिंदू एक आहे, ओअ ही भुजाही एक आहे. पण लहान कोन सगळाच मोठ्याच्या अंतर्भागात सामावलेला आहे. त्यांस संलग्न म्हटले तर त्यांच्या मापांची बेरीज करताना एकच जागा दोनदा मोजली जाईल. तिसरी अट आहे ती याचसाठी. संलग्न कोनांच्या मापांची बेरीज केली असता ती त्या दोघांनी मिळून व्यापलेल्या जागेची व्हावी, हा या व्याख्येचा हेतू आहे.

जुने वाडे पाहिलेल्या मुलांस आम्ही एक दृष्टांत देत असू. लागून असलेल्या दोन घरांचा कोपऱ्याचा खांब एक, मधली भिंत सामाईक, पण अंगणे आपापली. खांब म्हणजे शिरोबिंदू, भिंत म्हणजे सामाईक भुजा, अंगणे म्हणजे अंतर्भाग. तीनपैकी एक जरी तुटले तरी शेजार राहील, पण संलग्नता राहणार नाही.

संलग्न कोनांचा एक प्रकार असा आहे की, त्याच्यावर पुढील पुष्कळ भूमिती उभी आहे. एका रेषेवरील ओ या बिंदूपासून रेषेच्या एका बाजूस किरण काढला की दोन संलग्न कोन होतात. त्यांच्या सामाईक नसलेल्या भुजा एकाच रेषेत, परस्परविरुद्ध दिशांस जातात. यांस रेषीय जोडीतील कोन म्हणतात आणि त्यांच्या मापांची बेरीज १८० अंश असते. युक्लिडच्या मूलतत्त्वांच्या पहिल्या पुस्तकात हे तेराव्या क्रमांकाचे विधान आहे. मात्र तेथे अंश नाहीत, ‘दोन काटकोनांएवढे’ असे शब्द आहेत.

येथे एक गोष्ट शिक्षकांच्या विशेष लक्षात आणून द्यावीशी वाटते. युक्लिडने काटकोन अंशांनी सांगितलेला नाही. त्याची दहावी व्याख्या अशा आशयाची आहे की, एका रेषेवर दुसरी रेषा उभी राहून जे संलग्न कोन करते ते परस्परांस समान असतील, तर त्यांतील प्रत्येक काटकोन होय. म्हणजे क्रम असा: आधी संलग्न कोन, मग त्यांची समानता आणि त्यातून काटकोन. आम्ही वर्गात याच्या उलट जातो. कोनमापक ठेवतो, ९० चा आकडा दाखवतो आणि काटकोन समजला असे मानतो. ९० ही संख्या वर्तुळाचे ३६० भाग करण्याच्या प्राचीन रिवाजातून आली आहे. तो रिवाज वेगळा असता तर आकडा वेगळा असता, काटकोन मात्र हाच राहिला असता.

हे ज्ञान पुस्तकांपेक्षा सुताराच्या हातात अधिक जिवंत आहे. सुताराजवळ गुण्या असतो. तो खरा आहे की नाही हे तो कोनमापकाने तपासत नाही. सरळ कडेच्या फळीवर गुण्या ठेवून तो एका बिंदूपासून रेघ ओढतो. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून पुन्हा रेघ ओढतो. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. न बसल्या तर गुण्या खोटा, आणि खोटेपणा दुपटीने उघडा पडतो. समजा गुण्या ८९ अंशांचा आहे. पहिली रेघ फळीच्या कडेशी एका बाजूने ८९ अंश करील, दुसरी दुसऱ्या बाजूने ८९; दोन्ही मिळून १७८ झाले. सरळ कोन १८० चा, म्हणून मध्ये २ अंशांची फट राहील. एका अंशाची चूक डोळ्यास दिसली नसती, दोन अंशांची दिसते. मात्र फळीची कड सरळ असली पाहिजे; ती वाकडी असेल तर बेरीज १८० राहणार नाही आणि परीक्षाच व्यर्थ होईल. म्हणून जाणता कारागीर आधी रंधा मारून कड सरळ करतो आणि मग गुण्या पाहतो. युक्लिडची दहावी व्याख्या आणि तेरावे विधान या एका कृतीत एकत्र आली आहेत. शक्य असेल त्या शिक्षकाने एकदा सुतारास वर्गात बोलवावे, अशी आमची शिफारस आहे.

रेषीय जोडीवरून विरुद्ध कोनांचा सिद्धान्त दोन ओळींत निघतो. अब आणि कड या रेषा ओ मध्ये छेदतात. अब या रेषेवर ओक हा किरण उभा आहे, म्हणून कोन अओक आणि कोन कओब यांची बेरीज १८०. कड या रेषेवर ओब हा किरण उभा आहे, म्हणून कोन कओब आणि कोन बओड यांची बेरीजही १८०. दोन्ही बेरजांतून कोन कओब वजा केला की कोन अओक आणि कोन बओड समान. हा सिद्धान्त प्रथम थेल्सला सुचला, असे युडीमसच्या आधाराने प्रोक्लसने लिहून ठेवले आहे. शास्त्रशुद्ध सिद्धता युक्लिडची. मुले म्हणतात, ‘समान तर दिसतातच, सिद्ध कशास करायचे?’ अशा वेळी अडकित्ता दाखवावा. तो कितीही उघडा वा मिटा, समोरासमोरचे कोन बरोबरीनेच वाढतात आणि बरोबरीनेच घटतात. का? कारण दोघांच्याही शेजारी तोच एक कोन आहे, आणि दोघेही त्याच्याशी मिळून सरळ कोनच पुरा करतात. दिसणे आणि कारण कळणे यांतील भेद येथे प्रथमच मुलाच्या हाती लागतो. भूमिती शाळेत ठेवण्याचे आमच्या मते हेच मुख्य प्रयोजन आहे.

दोन छेदणाऱ्या रेषांनी चार कोन होतात. चारांतून दोन-दोन निवडण्याच्या रीती ६. त्यांतील ४ जोड्या रेषीय आणि २ विरुद्ध. एक कोन ४० अंश असल्याचे कळले की उरलेले १४०, ४० आणि १४० हे न मोजता सांगता येतात.

आता जेथे मुले हमखास घसरतात त्या जागेकडे येऊ. रेषीय जोडीतील कोन पूरक असतात. पण पूरक कोन रेषीय जोडीतच असतील असे नाही. फळ्याच्या एका कोपऱ्यात ११० अंशांचा कोन काढा, दुसऱ्या कोपऱ्यात ७० अंशांचा. ते पूरक आहेत, संलग्न नाहीत. पूरक असणे ही मापांची गोष्ट, संलग्न असणे ही स्थानाची गोष्ट. आणि रेषीय जोडी म्हणजे दोन्ही एकत्र. दोन समांतर रेषांस छेदिका छेदते तेव्हा तिच्या एकाच बाजूचे आंतरकोन पूरक असतात, पण त्यांचे शिरोबिंदू निराळे असल्यामुळे ते संलग्न नसतात. युक्लिडचे प्रसिद्ध पाचवे गृहीतक याच दोन कोनांविषयी आहे. त्यांची बेरीज दोन काटकोनांहून कमी भरली तर त्या बाजूस रेषा पुरेशा वाढविल्यावर भेटतातच, असे ते सांगते.

पूरक आणि संलग्न अशी दोन्ही गुणे एकत्र आली तर काय होते, हे पुठ्ठ्याने दाखवावे. ११० आणि ७० अंशांचे दोन तुकडे कापावे, शिरोबिंदूस शिरोबिंदू आणि भुजेस भुजा लावून टेबलावर ठेवावे. बाहेरच्या दोन भुजा एका रेषेत येतात. हे चौदावे विधान, तेराव्याचा व्यत्यास. त्याची सिद्धताही सुलभ आहे. बाहेरची एक भुजा ओ च्या पलीकडे वाढवली तर रेषीय जोडी होऊन मधल्या भुजेच्या दुसऱ्या अंगास ७० अंशांचाच कोन झाला पाहिजे. पण त्याच अंगास ७० अंशांवर दुसऱ्या तुकड्याची भुजा आधीच आहे. म्हणून दोन्ही किरण एकच. तीन बिंदू एका रेषेत आहेत हे सिद्ध करण्याचे हे साधन पुढे वारंवार उपयोगी पडते.

आणखी एक कृती सांगून हा भाग संपवितो. कागदावर एक रेषा आणि तिच्यावरील ओ पासून हवा तो तिरपा किरण काढा. दोन्ही संलग्न कोन भुजेवर भुजा ठेवून दुमडा, म्हणजे प्रत्येकाच्या मधोमध घडी पडेल. कागद उलगडून त्या दोन घड्यांमधील कोन पाहा. तो काटकोन असतो. किरण कोणताही असो, उत्तर तेच. कारण दोन कोनांची बेरीज १८०, त्यांच्या अर्ध्यांची बेरीज ९०. प्रत्येक मुलाचा किरण निराळा आणि प्रत्येकाचे उत्तर एक, हे पाहून वर्गात जो आनंद होतो तो आम्ही दरवर्षी पाहिला आहे.

वस्तू झाली, आता शब्द. मराठी ‘संलग्न’ यास हिंदीत आणि गुजरातीत ‘आसन्न’ म्हणतात. आसन्न म्हणजे जवळ आलेले. आर्यभटाने ४९९ साली २०००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२८३२ सांगताना हाच शब्द ‘जवळपास’ या अर्थाने योजिला आहे. जवळ असणे आणि लागून असणे यांत अंतर आहे, म्हणून आम्हांस ‘संलग्न’ अधिक नेमका वाटतो; परंतु हा आग्रहाचा विषय नव्हे, अर्थ शेवटी व्याख्येने ठरतो. आमचे ‘विरुद्ध कोन’ ते हिंदीतील ‘शीर्षाभिमुख कोण’. आमची ‘रेषीय जोडी’ ते ‘रैखिक युग्म’. आमचे ‘व्युत्क्रम कोन’ ते ‘एकांतर कोण’. हे शब्द वेगळे असल्यामुळे निरुपद्रवी आहेत.

उपद्रव पूरक शब्दाचा. इंग्रजीतील कॉम्प्लिमेंटरी आणि सप्लिमेंटरी या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘भरणे’ या अर्थाचा एकच लॅटिन धातू आहे. काटकोन भरून काढणारा तोही पूरक आणि सरळ कोन भरून काढणारा तोही पूरक. हिंदीने पहिल्यास पूरक म्हटले, मराठीने दुसऱ्यास. गुजराती मराठीच्या बाजूस आहे: तेथेही ९० अंशांचे ते कोटिकोण आणि १८० अंशांचे ते पूरक. म्हणजे वडोदऱ्याच्या मुलास हा खळगा लागत नाही; इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलास लागतो.

कोटिकोन या शब्दामागे मात्र मोठी परंपरा आहे. आमच्या ज्योतिषग्रंथांत काटकोन त्रिकोणाच्या बाजूंस भुज, कोटि आणि कर्ण म्हणतात. एखाद्या कोनाची ज्या ती भुजज्या, आणि तो कोन ९० अंशांस जितका कमी पडतो तितक्या कोनाची ज्या ती कोटिज्या. तेव्हा ९० अंशांच्या जोडीदारास कोटिकोन म्हणताना मराठी भाषा भास्कराचार्यांच्या परिभाषेतच बोलत असते. ज्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाने जगन्नाथ सम्राटाने १७१८ च्या सुमारास अरबीवरून युक्लिड संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणला, त्याच जयसिंहाने उज्जयिनीस वेधशाळा बांधली. तेथील सम्राट यंत्राची तिरपी कड क्षितिजाशी उज्जयिनीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कलांचा कोन करते. तीच कड उभ्या ओळंब्याशी सुमारे ६६ अंश ४९ कलांचा कोन करते, आणि त्यास जुने ज्योतिषी लंबांश म्हणत. अक्षांश आणि लंबांश हे परस्परांचे कोटिकोन. मालव्यातील शिक्षकास याहून चांगले उदाहरण कोठे शोधण्याची गरज नाही. सहल नेली तर ते दगडात बांधलेले दाखविता येईल.

मग मार्ग कोणता? हिंदी परिभाषा चूक आणि आमची बरोबर, असा वाद घालणे निरर्थक आहे. मराठी शब्द सोडून द्यावे, हेही आम्हांस मान्य नाही. कोटिकोन गेला तर त्याच्या पाठोपाठ कोटिज्येचा अर्थही जाईल. आमची सूचना साधी आहे. मराठी शाळेत हे प्रकरण शिकविताना व्याख्या आधी, नाव मागाहून द्यावे. आणि नाव देताना त्या प्रदेशाच्या भाषेतील नाव शेजारी लिहावे. ‘बेरीज ९०: मराठीत कोटिकोन, हिंदीत पूरक. बेरीज १८०: मराठीत पूरक, हिंदीत संपूरक.’ फळ्यावरच्या या दोन ओळींस अर्धा मिनिट पुरतो. परिषदेने आपल्या सभासद-शिक्षकांकडून भूमिती, विज्ञान आणि भूगोल या विषयांतील अशा द्व्यर्थी शब्दांची यादी जमवून एक लहानशी पुस्तिका काढली, तर ते वाङ्मयसेवेच्या कक्षेबाहेरचे काम खचित ठरणार नाही.

त्या सायंकाळी आम्ही त्या मुलास दोन्ही शब्द समजावून सांगितले आणि मग सुताराच्या गुण्याची गोष्ट सांगितली. त्याने वहीच्या मागच्या पानावर पट्टीने एक रेषा काढली, तिच्यावर एक किरण उभा केला, आणि एका बाजूस ३० व दुसऱ्या बाजूस १५० लिहिले. नंतर खाली हिंदीत ‘संपूरक’ आणि मराठीत ‘पूरक’ अशी दोन नावे घातली. जाताना तो म्हणाला, ‘‘म्हणजे सर, कोन तेच आहेत, नावेच बदलली.’’ आम्ही सातवीत त्याला शिकवावयास हवे होते ते एवढेच होते.